न दिसणारा सांधा

बाइंडर,

पत्राला मायना नाही, तेवढं चालवून घ्या. 'प्रिय' वगैरे लिहिलं असतं तर तुम्ही चष्म्यावरून बघून विचारलं असतं, "बाई, तब्येत बरी आहे ना?" तब्येत बरी आहे. गुडघा सोडला तर सगळं जागेवर आहे, डोकंही. तुमच्यावरचा रागही जागेवर आहे. त्या कार्डाला सरळ एक चिकटपट्टी मारा म्हणून मी किती विनवलं होतं! आणि तुम्ही मला तुमच्याच दुकानात, तुमच्याच स्टुलावर बसवून सुनावलंत, "चिकटपट्टी लावायची तर ती तुमच्या घरी लावा." अकरा दिवस मी फिरकले नाही. बाराव्या दिवशी आले ती तुमच्यासाठी नव्हे, वहिनींसाठी. हे तेव्हाच सांगायचं होतं, राहून गेलं. अजून एक काम राहिलं आहे, त्याचं शेवटी सांगते. आधी, हे वाचणाऱ्यांना तुम्ही कोण ते ठाऊक नाही, त्यांना सांगू द्या. मध्ये बोलू नका.

तर हा माणूस पुस्तकं बांधायचा. मी एका कॉलेजात एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. पुस्तकांची पोरांच्या हातून जी दशा होते ती रोज बघायची, आणि महिन्यातून एकदा जायबंदी पुस्तकांचा गठ्ठा बाइंडरकडे घेऊन जायचा, हा माझा नेम. नोकरी संपली तरी जाणं सुटलं नाही. घरापासून त्यांचं दुकान सात मिनिटांवर, आणि तिथे बसून चहा पिताना कुणी उगाच गोड बोलत नसे, हे मला फार आवडायचं.

दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक लांबट खोली. मागे दोन खोल्यांत संसार. दाराशी कटिंग मशीन, त्याचं लोखंडी चाक माझ्या छातीएवढं. भिंतीला शिकंजा, म्हणजे बांधलेली पुस्तकं दाबून ठेवायचं प्रेस. मधल्या टेबलावर पुठ्ठे, कापड, खळीचं पातेलं. खिडकीपाशी वहिनींची बैठी जागा, तिथे बसून त्या फर्मे शिवायच्या. फर्मा म्हणजे सोळा पानांची घडी. असे फर्मे एकावर एक शिवले की पुस्तक होतं. बाइंडर टेबलाशी, वहिनी खिडकीशी, दोघांच्या पाठी एकमेकांना. चाळीस वर्षं त्यांचा संसार असा पाठीला पाठ लावून चालला होता आणि उत्तम चालला होता. बाइंडर मागे न बघता फर्मा खांद्यावरून द्यायचे आणि आकडा सांगायचे, "नऊ." वहिनी घेताना म्हणायच्या, "नऊ." मग "दहा." "दहा." दोन आकड्यांच्या मध्ये जगातलं काहीही यायचं.

"दहा. थोरलीचा फोन आला होता का?"

"दहा. आला होता. तुम्हाला बोलवत होती, तुम्ही हात भरलेत म्हणालात."

"अकरा. मग आता करतो."

"अकरा. आता ती कामावर गेली. तुमच्या हातांची वाट बघत बसेल होय?"

पुस्तक हातात घेतलं की बाइंडर आधी पानांचे आकडे तपासायचे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. एक पान कमी निघालं तरी गठ्ठा परत. "मी वाचत नाही हो बाई, फक्त आकडे बघतो," असं म्हणायचे, पण ते खोटं होतं. एकदा एक कादंबरी देताना सहज बोलून गेले, "एकशेबाराव्या पानावर त्या बाईनं नवऱ्याला सोडलं ते बरं केलं." मी पुस्तक उघडून पाहिलं. एकशेबारावंच पान होतं.

वहिनींचे कान गेले ते हळूहळू. आधी त्या आकडा पुन्हा विचारायला लागल्या, मग अंदाजाने बोलायला लागल्या. एका जाड ग्रंथात बारावा फर्मा आधी आणि अकरावा नंतर, असं झालं. तो ग्रंथ आमच्या कॉलेजचा. बाइंडरनी आख्खा उसवून पुन्हा बांधला, पण वहिनींना त्यातलं काही कळू दिलं नाही. त्यानंतर त्यांनी आकडे सांगणंच बंद केलं. टेबलावर बोटाच्या पेराने ठोकायचे, म्हणजे लाकडातून वहिनींच्या पाटापर्यंत जाणवेल. दहाला एक जोराचा ठोका, पुढचे हलके. आकडे जमले. थोरलीचा फोन ठोक्यांत कसा सांगणार?

एक दिवस मी तिथे असतानाच वहिनी सुई खाली ठेवून वळल्या आणि म्हणाल्या, "मी काय दार आहे का सारखं ठोकायला?"

त्या मोठ्याने बोलल्या, ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा. बाइंडरचं बोट हवेतच राहिलं.

पुढच्या आठवड्यात कानाचं मशीन आलं. चांगल्या कंपनीचं, दोन वर्षांची वॉरंटी. वाटाण्याएवढं ते यंत्र वहिनींनी पहिल्या दिवशी कानात घातलं आणि पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज ऐकून दचकल्या. मग "नऊ", "नऊ" पुन्हा सुरू झालं. आठ महिने. नवव्या महिन्यात मशीन मुकं झालं. नवी बॅटरी घातली, साफ केलं, काही नाही. ज्या दुकानातून आणलं होतं त्याचं शटर कायमचं खाली आलेलं. पावती त्या चकचकीत कागदावरची, पेटीतून काढली तर कोरी करकरीत, एक अक्षर शिल्लक नाही.

"वॉरंटी कार्ड आहे ना?" मी विचारलं.

"आहे की. ते कुठे जातंय!" असं म्हणून बाइंडरनी फळीवरून एक बांधीव पुस्तक काढलं.

इथे त्यांची एक खोड सांगायला हवी. घरातला सुटा कागद त्यांना बघवत नसे. विजेची बिलं, डॉक्टरच्या चिठ्ठ्या, मुलींच्या गुणपत्रिका, सगळं वर्षअखेरीला एकत्र शिवून, पुठ्ठा घालून, कण्याला कापड लावून पुस्तक. आणि पुस्तक म्हटलं की तीन बाजूंनी कटिंग, कडा आरशासारख्या. त्या वर्षीच्या पुस्तकात वॉरंटी कार्ड व्यवस्थित होतं. फक्त ते बाकीच्या कागदांपेक्षा बोटभर रुंद होतं, त्यामुळे बोटभर कापलं गेलं होतं. आणि दुकानदाराचा शिक्का नेमका उजव्या कडेला. तारखेतला महिना उरला होता, वर्ष गेलं होतं. दुकानाच्या नावाची पहिली तीन अक्षरं उरली होती.

"तुम्ही कापलंत?" मी म्हटलं.

"बाहेर येत होतं," ते म्हणाले.

मी कपाळाला हात लावला. त्यांनीही लावला असता, पण हाताला खळ होती.

पत्रव्यवहाराचं काम मी घेतलं. मला पत्रं लिहिता येतात आणि समोरच्याला वैताग कसा आणायचा तेही येतं. कार्डाची झेरॉक्स जोडून पहिलं पत्र धाडलं. उत्तर आलं: आपल्या तक्रारीची दखल घेण्यात आली आहे, तथापि सदर कार्ड अपूर्ण असल्याने मूळ व संपूर्ण कार्ड सादर करावे. मी दुसरं लिहिलं, तिसरं लिहिलं. दर वेळी तेच उत्तर, फक्त तारीख नवी. त्या काळात मी एक पत्र फार वाईट लिहिलं. त्याचंही नंतर सांगते.

शेवटी वहिनींनाच सुचलं. मागच्या खोलीत कटिंगच्या पट्ट्यांची तीन पोती होती. रद्दीवाला पाच भरल्याशिवाय येत नसे. कार्ड फिकट हिरव्या जाड कागदाचं, बाकी सगळं पांढरं. म्हणजे हिरवी पट्टी शोधायची. आम्ही तिघांनी जमिनीवर चादर पसरून दोन दुपारी त्या पट्ट्या उपसल्या. माझं वय तेव्हा एकाहत्तर. "बाई, तुम्ही खुर्चीवर बसा," असं बाइंडर म्हणाले, तेव्हा मी त्यांच्याकडे असं पाहिलं की पुन्हा म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी वहिनींनी हात वर केला. बोटांत हिरवी पट्टी. तिच्यावर अर्धा शिक्का, आणि वर्ष.

झालं, मला वाटलं. मी त्याच वेळी ती पट्टी माझ्या पिशवीत टाकायला हवी होती.

बाइंडर म्हणाले, "दोन दिवस द्या, जोडून देतो." मागून पातळ कागद लावला, तोही त्याच हिरव्या छटेत रंगवून. खळ स्वतः शिजवलेली, गाळून घेतलेली. कडेला कड अशी भिडवली की शिक्क्याची गोल रेघ सलग झाली. मग शिकंज्यात एक आख्खा दिवस. कार्ड हातात आलं तेव्हा मी उजेडाकडे धरून पाहिलं, तिरकं धरून पाहिलं, नखाने चाचपलं. सांधा सापडेना.

"वा!" मी म्हटलं. पत्रात लिहिलं की तुटलेला तुकडा मिळाला, कार्ड जोडून पाठवत आहोत. रजिस्टर पोस्टाने रवाना.

तीन आठवड्यांनी कार्ड परत आलं, सोबत उत्तर. पूर्वी आपण पाठविलेल्या छायाप्रतीत सदर कार्ड अपूर्ण होते. आता सादर केलेले कार्ड अखंड असून त्यावर कोठेही जोड आढळून येत नाही. सबब सदर कार्ड नव्याने तयार केल्याचे दिसून येत असल्याने आपला दावा नामंजूर करण्यात येत आहे.

मी ते उत्तर दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं. बाइंडर ऐकत होते. "कोठेही जोड आढळून येत नाही" या वाक्याशी त्यांचा चेहरा असा खुलला की मला त्यांच्या डोक्यात पुठ्ठा घालावासा वाटला.

"हसताय काय? दावा फेटाळलाय!"

"ते ऐकलं. पण आधीचं पुन्हा वाचा."

मी वाचलं नाही. म्हटलं, "सोडवा ते, आणि वरून चांगली जाड चिकटपट्टी मारा. आंधळ्यालाही दिसेल अशी."

"ते नाही जमणार."

"का नाही?"

"बाई, सांधा दिसेल असं काम मी केलेलं नाही. आणि ती चिकटपट्टी दोन वर्षांत पिवळी पडते, कागद खाते."

"दोन वर्षांनी त्या कार्डाचं लोणचं घालायचंय का? वहिनींच्या कानाचा प्रश्न आहे!"

"मला कळतंय कुणाच्या कानाचा आहे ते," असं ते म्हणाले आणि पुढे ते चिकटपट्टीचं वाक्य. मी पिशवी उचलली आणि निघाले. वहिनी आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होत्या. काय चाललंय ते त्यांना कळत होतं, एक शब्दही न ऐकता.

बाराव्या दिवशी सकाळी त्या माझ्या दारात. आधी कधी एकट्या आल्या नव्हत्या. बसल्या, पाणी प्यायल्या आणि त्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "बाई, हल्ली ते ठोकतसुद्धा नाहीत. मी रागावले होते ना, म्हणून. फर्मा नुसता हातात ठेवतात. दिवसभर पाठ असते फक्त." मग पदराशी चाळा करत म्हणाल्या, "त्यांना चिकटपट्टी लावायला लावू नका. मी पाहिलंय, त्यांच्याकडून नाही होणार. दुसरं काहीतरी काढा. तुम्ही शिकलेल्या आहात."

मी शिकलेली आहे खरी, पण दुसरं काही मला सुचलं नाही. कंपनीचं ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं, तिथे तिघांनी जाऊन बसायचं एवढंच सुचलं. बाइंडर लगेच तयार झाले. रोजचाच शर्ट, खिशाला खळीचा डाग, हातात कापडी पिशवी. पिशवीत काय म्हणून विचारलं तर म्हणाले, "हत्यारं." मला वाटलं चेष्टा करतायत.

ऑफिसात काउंटरवर एक मुलगी. "बोला आजी," म्हणाली.

"आजी मी माझ्या नातवाची. तक्रार क्रमांक लिहून घ्या," मी म्हटलं. तिने निमूट लिहून घेतला आणि आम्हाला आत साहेबांकडे पाठवलं. साहेब तिशीचा असेल. टेबलावर जेवणाचा डबा अर्धवट उघडा, चेहरा दमलेला. त्याने कार्ड हातात घेतलं, उलटसुलट केलं.

"काका, जोड कुठे आहे?"

बाइंडरनी करंगळीच्या नखाने कार्डावरून वरून खाली एक रेघ दाखवली. "ही इथे."

"मला दिसत नाही."

"दिसायला नकोच."

"अहो, दिसत नाही तर मी मानायचं कसं?"

"मीही हेच सांगत होते," मी म्हटलं. चूप बसायला हवं होतं.

बाइंडरनी जरा विचार केला. "साहेब, पेलाभर पाणी मिळेल?"

साहेब घाबरलाच. खुर्ची पुढे सरकवून बाहेर ओरडला, "अगं, काकांना पाणी आण लवकर! पंखा वाढव!" मुलगी धावत पाणी घेऊन आली. बाइंडर ते प्यायले नाहीत. पिशवीतून टिपकागद काढला, बारीक ब्रश काढला, हाडाची पट्टी काढली. टिपकागदाची पट्टी भिजवून, पिळून, कार्डाच्या पाठीवर बरोबर सांध्यावर ठेवली. वरून कोरडा कागद, त्यावर तळहात.

"काय करताय?"

"सोडवतोय. शिक्क्याच्या शाईला पाणी लागू द्यायचं नाही, म्हणून मागून. दहा-पंधरा मिनिटं लागतील. तुम्ही जेवून घ्या."

साहेब खरंच जेवला. काउंटरवरची मुलगी दारात उभी राहिली, तिच्यामागे रांगेतली दोन माणसं. वहिनी नवऱ्याच्या हाताकडे बघत होत्या. पंधरा मिनिटांनी बाइंडरनी हाडाची पट्टी हलकेच आत सरकवली आणि कार्ड उघडलं. मागचा पातळ कागद सालीसारखा निघाला. टेबलावर एक मोठा तुकडा, एक बोटभर पट्टी. शिक्का दोन्हीकडे अर्धा-अर्धा, कुठेही न पसरलेला.

"चांगली खळ असेल तर सुटते," ते साहेबाला समजावून सांगू लागले. "कागद न दुखवता सुटायला हवी. तिचं कामच ते."

साहेबाने हात पुसले, दोन्ही तुकडे उचलले, एकमेकांना लावून पाहिले. मग खाली ठेवून अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "पण काका, आता हे अपूर्ण झालं."

मी काय बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. बाइंडरनी मला हाताने थांबवलं. "साहेब, तुम्ही सांगा. जोडून देऊ की तोडून देऊ? जसं हवं तसं देतो. हिला ऐकू येत नाही, एवढंच आहे. मी बोलतो आणि ते हिच्यापर्यंत जात नाही."

ते इतकं साध्या आवाजात म्हणाले, जसं काही पान क्रमांक सांगत होते. साहेबाने वहिनींकडे पाहिलं. वहिनी त्याच्याकडे बघून हसल्या. काय बोलणं झालं ते त्यांना कळलं नव्हतं, आपल्याकडे पाहिलं म्हणून हसल्या.

साहेबाने खिशातलं बॉलपेन काढलं. "दोन्ही धरा घट्ट," म्हणाला. बाइंडरनी कडेला कड भिडवून तुकडे टेबलावर दाबून धरले. साहेबाने त्या फटीवरून आडवी, अर्धी इकडे अर्धी तिकडे अशी भली मोठी सही केली. खाली तारीख. "आता कुणी म्हटलं तर सांगा, मी समोर बघितलंय. मशीन इथे ठेवून जा. पोच घ्या."

बसमध्ये परत येताना मला वाटलं, हा माणूस आता तरी चार आनंदाचे शब्द बोलेल. अर्ध्या वाटेत बोलले, "किती दाबून ओढलं हो पेन त्यानं. कागदाला खड्डा पडला."

मशीन बदलून आलं, पाचव्या आठवड्यात. मी मुद्दाम तिथे जाऊन बसले होते. वहिनींनी ते कानात घातलं आणि आपल्या जागी जाऊन सुई ओवली. बाइंडर टेबलाशी गेले. फर्मा उचलला आणि सवयीने पेराने टेबलावर एक ठोका दिला.

"दार उघडंच आहे," वहिनी म्हणाल्या. "बोला."

"एक," बाइंडर म्हणाले.

"एक. थोरलीला फोन केलात का?"

साडेचार वर्षं ते मशीन उत्तम चाललं. मशीन चाललं आणि बाइंडर गेले, मागच्या हिवाळ्यात, दोन दिवसांच्या तापाने. वहिनी आता थोरलीकडे असतात. फोनवर बोलतात, पूर्वीसारखं ओरडत नाहीत.

आता ते राहिलेलं काम. बाइंडर, मशीन आलं त्याच संध्याकाळी तुम्ही मला म्हणालात, "बाई, त्या कंपनीचा सगळा पत्रव्यवहार आणून द्या. बांधून देतो. कडा कापणार नाही." मी म्हटलं, गुरुवारी आणते. किती गुरुवार गेले. तुम्ही विचारायचात, मी काहीतरी सांगायचे: विसरले, सापडत नाही, पाहुणे आहेत. काही विसरले नव्हते. गठ्ठा माझ्या कपाटात पहिल्या दिवसापासून आहे, सुतळी बांधून, सत्तावीस पानं.

सतराव्या पानावर ते वाईट पत्र आहे. तिसऱ्या नकारानंतर मी लिहिलं होतं, त्यांना दया यावी म्हणून. त्यात मी लिहिलं आहे की अर्जदार वृद्ध असून अडाणी आहेत, कागदपत्रांचे महत्त्व त्यांस समजत नाही. तुम्हाला. कागद. मला तेव्हा काही वाटलं नाही, मसुदा छान झालाय असंच वाटलं. ज्या दिवशी तुम्ही त्या साहेबापुढे टिपकागद पिळलात त्या दिवशी वाटलं. ते पान काढून बाकीची सव्वीस द्यावीत असंही मनात आलं, पण मी ग्रंथपाल, सगळ्या पानांवर शाईने आकडे घातलेले, आणि तुम्ही सतरावं पान कुठे म्हणून गठ्ठा परत केला असतात. आणि ठेवलं असतं तर वाचलं असतंत. "फक्त आकडे बघतो" मला सांगू नका.

दुकान आवरताना वहिनींनी दोन पुठ्ठे मला दिले. तुम्ही माझ्यासाठी कापून ठेवले होतेत म्हणे, निळं कापड लावून. कागद न बघता माप कसं घेतलंत? मी काल गठ्ठा त्यांच्यामध्ये ठेवून पाहिला. बरोबर बसतो. कंपनीची पत्रं थोडी रुंद आहेत, ती बाकीच्या कागदांच्या बाहेर येतात, तेवढी जागा तुम्ही कडेला सोडली आहे.